फ्रेंच बैल, इंग्रजी व्याही

माझं लग्न मोडलं ते भाषेवरून. हुंड्यावरून नाही, मानपानावरून नाही, कुंडलीतल्या मंगळावरून तर नाहीच. फ्रेंच कानाला गोड की इंग्रजी, एवढ्यावरून. आणि ज्या दोघांनी ते मोडलं त्यांच्यापैकी एकालाही या दोन्हींतली कुठली भाषा धड येत नव्हती. कुणाला हे खोटं वाटलं तर खुशाल वाटू द्या. मी वऱ्हाडातली आहे. आमच्याकडे गोष्ट पसाभर असली तर सांगताना पायली भरते, पण तळाशी ते पसाभर खरं असतंच.

मध्यप्रांत-वऱ्हाडाचे दिवस होते. मूर्तिजापूर टेसनावरून बैलगाडीनं निघालं की चिखलात चाकं रुतत-निघत सांजेपर्यंत आमचं गाव यायचं. गावं खरं म्हणजे दोन, मध्ये एक नाला. नाल्याच्या अलीकडे आमचा भाजीचा मळा आणि पलीकडे त्या माणसाची वाडी, ज्याच्या सुनेच्या जागेवर माझा डोळा होता. पण ते पुढे.

आधी माझे बाबा. बाबा तरणे असताना अकोल्याच्या बाजारात वांगी विकायला गेले होते. तिथे जर्मनच्या पहिल्या लढाईची भरती चालू होती. बैल हाकता येतात का, असं भरतीवाल्यानं विचारलं, बाबा म्हणाले, येतात. मग खेचरंही येतील, असं म्हणून त्यानं त्यांना आगगाडीत बसवलं. बाबा परत आले ते थेट फ्रान्सहून, काही वर्षांनी, अंगात खाकी कोट आणि ओठावर मेणानं पीळ दिलेल्या मिशा. माय दारात उभी. तिनं त्यांना ओवाळलं, डोळे पुसले आणि पहिला प्रश्न विचारला, "अन् वांग्याईचं काय केलं?"

त्याचं उत्तर तिला मरेपर्यंत मिळालं नाही. बाबा फ्रान्सचं सांगायला बसले की वांग्यांपर्यंत येईतो दिवस मावळायचा. लढाई त्यांनी दुरूनच ऐकली. त्यांचं काम खेचरांवर सामान लादून चिखलातून नेण्याचं. तिथला एक म्हातारा गाडीवान त्यांच्या जोडीला होता, त्याच्याकडून ते फ्रेंच शिकले. म्हणजे जी फ्रेंच खेचरांना कळते तेवढी शिकले. 'आले' म्हणजे चला. 'आर्येर' म्हणजे मागे सरा. 'दूसमाँ' म्हणजे हळू, सांभाळून. वर 'मेर्सी', 'बाँजूर', 'मस्यू' असं थोडं मीठमिरची लावायला. एवढ्या भांडवलावर बाबांनी आमच्या गावात फ्रान्सचं राज्य चालवलं.

आल्या आल्या त्यांनी गोऱ्ह्यांची एक जोडी घेतली. पांढऱ्याचं नाव मस्यू ठेवलं, काळ्या ठिपक्यांच्या बांड्याचं बाँजूर. त्यांना पहिल्या दिवसापासून फ्रेंचमध्येच हाकलं. मराठीतला एक शब्द त्यांच्या कानावर पडू दिला नाही. कुणी शेजारी सहज "हो रं, हो" म्हणाला तर बाबा अंगावर जायचे, की पोरांना बिघडवू नका. परिणाम असा झाला की ते बैल मराठी ऐकून न ऐकल्यासारखे रवंथ करत बसायचे. आमच्या मळ्यातला कावळासुद्धा फ्रेंचमध्ये उडवला तरच उडायचा, हे मात्र मी थोडं वाढवून सांगते आहे.

मोटेवर मी असायची. बाबांचा दिवस ओट्यावर फ्रान्स सांगण्यात जाई, मग पाणी कुणी काढायचं? मोट हाकणं हे बोलण्याचंच काम आहे. बैल उतारावरून खाली गेले की मोट वर येते, मग त्यांना पाठमोरं चालवत वर आणायचं. मी म्हणायची "आले", बैल जायचे. "आर्येर" म्हटलं की मागे सरत यायचे. मोट काठाला आली की "दूसमाँ", नाहीतर धक्क्यानं अर्धं पाणी परत विहिरीत. बाबा सगळे शब्द एकाच पट्टीत ओरडायचे, तोफा चालू असताना शिकले होते ना. मला ओरडायची गरज नव्हती. मी ते विहिरीपाशी उभ्या उभ्या, पदरानं घाम पुसत, दुसऱ्याच कुणाचा तरी विचार करत म्हणायची.

तो दुसरा कुणीतरी नाल्यापलीकडचा होता. त्याचे वडील म्हणजे पट्टेवाले काका. अमरावतीच्या कचेरीत गोऱ्या साहेबाच्या दाराबाहेर त्यांनी उभा जन्म काढला होता. पेन्शन घेऊन वाडीत राहायला आले तेव्हा पट्टा सरकारला परत केला असं सांगायचे. मग सणासुदीला त्यांच्या छातीवर आडवं काय चमकायचं, ते आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पडद्याआडून ऐकून ऐकून त्यांना इंग्रजी आली होती. म्हणजे साहेबाला जेवढी पट्टेवाल्याशी लागते तेवढी.

दोघं जिवाभावाचे मित्र. रोज दिवस कलला की काका नाला ओलांडून यायचे, आमच्या ओट्यावर मांडी ठोकायचे आणि चहा यायच्या आत ठिणगी टाकायचे.

"अबे फ्रेंच, तुयी भाषा नाकातून निंगते. पडसं झाल्याबिगर बोलताच येत नाही मानसाले."

"मोगऱ्याचा वास नाकातूनच येते, साहेब," बाबा म्हणायचे. "तुयी इंग्रजी दातातून निंगते. कोनी सुपारी फोडून राह्यलं का बोलून राह्यलं, समजत नाही."

"'जा' म्हनायचं तर हा मानूस 'आले' म्हनते. बैल जाऊन राह्यले अन् हा म्हनते आले! हे भाषा हाय का?"

"अन् तुया साहेब 'ये' म्हनायले 'कम' म्हनते. कम म्हनजे थोडं. थोडं यावं का पुरं यावं, गरिबानं समजावं काय?"

"आवाज पाह्य ना बावा, आवाज. साहेब मले रोज सकाळी म्हने, 'यू डॅम फूल!' काय आवाज! नगाऱ्यावर टिपरू पडल्यासारखा. मायी छाती फुगे."

"अबे लेका, शिवी हाय थे!"

"असन. पन खनखनीत हाय का नाही?"

बाबा मग फ्रान्सच्या बाया काढायचे. तिथं बाया नळावर भांडतात तरी वाटतं की भजन चालू आहे. काका म्हणायचे, साहेब मेमसाहेबाशी भांडला की अख्खी कचेरी थांबून ऐकायची, टाळ्या वाजवायच्या तेवढ्या बाकी राहायच्या. गावातली माणसं येता-जाता थांबायची, खांद्यावरचं ओझं उतरवून बसायची. अकोल्याहून नाटकमंडळी आली तर आमच्या गावात तिकीट खपायचं नाही, कारण फुकटातलं संपलेलं नसायचं.

आता त्यांच्या मुलाचं सांगते. मूर्तिजापूरच्या बाजारी मी मायबरोबर भाजी घेऊन बसायची. हा दर बाजारी यायचा आणि मेथी घ्यायचा. त्यांच्या वाडीत मेथी गुडघ्याला लागत होती. माय एकदा म्हणाली, "काहून रे बापू, घरची मेथी काय बैलाले टाकता?" तो म्हणाला, "मावशी, घरची कडू लागते." मेथी ती, कडू नाही लागणार तर काय! पण मी जुडी त्याच्या हातात देताना माय दुसरीकडे पाहायला लागली. मायला सगळं कळत होतं.

तिनंच बाबांच्या कानावर घातलं, आणि बाबांना आनंद झाला. मित्राच्याच घरी लेक जाणार. ते सोयरीक घेऊन नाल्यापलीकडे गेले, काकांनी गूळ दिला, पाणी दिलं, हो म्हटलं. घेण्यादेण्याचं दोन वाक्यांत मिटलं. जेवणावळीत वांग्याची भाजी असावी की नाही यावरही वाद झाला नाही. मी आत चुलीपाशी बसून मनातल्या मनात मुंडावळ्या बांधून घेतल्या.

मग निघालं ते लाल कापड. आमच्याकडे मांडवाच्या दारावर लाल कापड ताणतात आणि त्यावर सरकी काढलेल्या कापसाची अक्षरं चिकटवतात, पाहुण्यांच्या स्वागताची. त्या दिवसांत जरा ऐपतीच्या घरी तिथं इंग्रजीत 'वेलकम' लिहायची टूम निघाली होती. काका चहाची बशी फुंकत सहज बोलून गेले, "अन् वेलकम मातर झोकदार पायजे. शाळेच्या मास्तरकडून लिहून घेजो."

बाबांनी बशी खाली ठेवली. "वेलकम कायले? मांडव माया, कापड मायं, कापूस माया. बियाँव्हेनू लिहीन."

"काय लिहीशीन?"

"बियाँव्हेनू. फ्रान्समंधी पाहुन्याले असंच म्हनते."

"बियान्याचं काय काढून राह्यला तू लग्नात? लोकं म्हनतीन पेरनी हाय का लगन!"

"तुया वेलकममंधी काय मोठं सोनं हाय? वेल अन् कम. ज्याच्या वेलीले कम फळ येते त्याच्या दारावर लावाची पाटी हाय थे!"

आधी हसत होते. मग हसणं थांबलं. बाबा म्हणाले, तुझी भाषा नोकराला हाकायची आहे. काका म्हणाले, तुझी खेचराला हाकायची. दोन्ही खरं होतं, म्हणून दोघांनाही झोंबलं. काका उठले, चप्पल घातली, एक पाय आमच्या ओट्याखाली ठेवून म्हणाले, "ज्या मांडवावर इंग्रजी नाही त्या मांडवात मायी वरात येनार नाही."

"नोको येऊ," बाबा म्हणाले.

झालं. लग्न मोडलं. माय म्हणाली, "अवो, पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय." बाबा म्हणाले, "भाषेचाबी हाय." नाल्यापलीकडून यायचं बंद झालं. बाजारात मेथी घ्यायलाही कुणी येईना, कारण त्याच्या बापानं त्याला बाजाराचं नावच काढू दिलं नाही. माझ्या हातातल्या जुड्या सुकायला लागल्या. मोटेवर मी बैलांना सगळं सांगायची, आणि तेही बिचारे काही न बोलता वर-खाली करायचे.

पोळा जवळ आला होता. दोन्ही गावांचा पोळा एकाच ठिकाणी भरायचा, कारण सपाट जागा आमच्याच बाजूला होती. आमच्या पाटलांना या दोघांच्या भांडणाची चिंता वेगळ्या कारणानं होती. ओटा ओस पडल्यापासून गावाची करमणूक बंद झाली होती आणि लोक त्यांच्या दारी जाऊन त्यांची डोकेफोड करत होते. त्यांनी दोघांना बोलावून तोडगा काढला. पोळ्याला तोरण तुटायच्या आधी झडत्या म्हणतात. बैल रांगेत उभे असतात, एकेक गडी पुढे येऊन खणखणीत आवाजात आपली रचलेली झडती म्हणतो आणि शेवटी सगळे मिळून 'हर बोला, हर हर महादेव' असा गजर करतात. पाटील म्हणाले, "एकानं फ्रेंच झडती म्हना, एकानं इंग्रजी. ज्याच्या झडतीले महादेवाचा गजर मोठा, त्याची भाषा गोड. त्याच्या भाषेत कापड लागन, अन् हारला त्यानं गुमान लगन लावून द्यावं."

दोघांनी मान डोलावली. पण बाबा घरी येऊन मायला म्हणाले, "हारलो तर गाव सोडीन." आणि नाल्यापलीकडून निरोप आला, की काका म्हणतात, हरलो तर मुलासाठी बाळापूरकडची मुलगी बघतो. म्हणजे जिंको कोणीही, माझं लग्न काही जिंकत नव्हतं.

बाबांनी तयारी सुरू केली. विहिरीत तोंड घालून झडती घोकायचे, आवाज घुमावा म्हणून. विहिरीतली कासवं वर येऊन बसली असं शेजारीण सांगायची. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लावून उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायची रीत आहे, ते आवतणही त्यांनी फ्रेंचमध्ये दिलं. म्हणजे नुसतं "बाँजूर" म्हणाले. मस्यूला वाटलं की बोलावणं एकट्या बाँजूरलाच आहे, तो रुसला. त्याला मी वेगळी पोळी घातली.

पोळ्याला दोन्ही गावं लोटली. आंब्याच्या पानांचं तोरण दोन बल्ल्यांना बांधलेलं, पुढे पाटलांची मानाची जोडी, मग बाकीच्या जोड्या. तोरण पाटलांच्या बैलांनी तोडायचं, त्याआधी कुणी पाऊल टाकायचं नाही. त्यावरून पूर्वी डोकी फुटली आहेत. शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल, आणि प्रत्येक जोडीजवळ तिचा धनी. आमची मस्यू-बाँजूरची जोडी पाटलांच्या जोडीच्या अगदी मागं होती. आम्ही बाया आपापल्या दारात पूजेची ताटं घेऊन उभ्या. तोरण तुटल्यावर बैल घरोघर येतात, त्यांचे पाय धुऊन पुरणपोळी द्यायची असते. आमचं घर मैदानाच्या तोंडाशीच होतं, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. तोही दिसत होता, आपल्या बैलांची वेसण धरून उभा, आणि बैलांऐवजी आमच्या दाराकडे बघणारा.

आधी काका आले. छातीवर तो पट्टा. त्यांनी घसा साफ केला आणि साहेबाकडून ऐकलेलं सगळं एका दमात सोडलं.

"यू रास्कल, कम हिअर! व्हेअर वॉज यू? गो टू हेल! ब्रिंग माय हॅट! शट द डोअर! गेट आऊट, गेट आऊट, गेट आऊट! हर बोला..."

"हर हर महादेव!" अख्खं मैदान गरजलं. गजर एवढा मोठा झाला की अकोल्याकडे जाणारी गाडी टेसनाच्या अलीकडेच थांबली असं म्हणतात. आम्हाला अर्थ ठाऊक नव्हता, पण अंगात वीज आली. एका म्हाताऱ्यानं तर काकांच्या पायांवर डोकं ठेवलं.

मग बाबा पुढे आले. मिशांना मेण लावलेलं. त्यांनी गर्दीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, छाती भरून हवा घेतली आणि गरजले, "बाँजूर, मस्यू!"

रांगेतल्या दोघांनी कान टवकारले. कुणाच्या लक्षात आलं नाही. बाबांच्याही नाही.

"मेर्सी, मेर्सी! सि व्हू प्ले! बियाँव्हेनू!" इथवर ठीक होतं. गर्दी डोलायला लागली. बाबांना चेव चढला. इतकी वर्षं ऐकणारे बैल आपल्या मागेच झूल घालून उभे आहेत, हे त्या उत्साहात ते साफ विसरले. त्यांनी दोन्ही हात आभाळाकडे फेकले आणि तोफांच्या पट्टीत आरोळी ठोकली, "आले! आले! आले!"

आणि फ्रेंच बैल गेले.

सणाच्या दिवशी, पोटभर खाल्लेले, विश्रांती घेतलेले, तुपानं माखलेले दोन बैल. धन्यानं तीनदा 'चला' म्हटल्यावर जसे जातील तसे गेले. पाटलांच्या जोडीला बाजूला सारून तोरणाखालून पार झाले. तोरण अर्धं मस्यूच्या शिंगावर, अर्धं बाँजूरच्या. काका जिंकल्याच्या थाटात तोरणापाशीच उभे होते. त्यांचा तो पट्टा मस्यूच्या शिंगात अडकला आणि सरकारी नोकरीत कधी पळाले नसतील इतके ते पळायला लागले, बैलाच्या बाजूनं, एका हातानं फेटा धरून.

"स्टॉप!" काका ओरडत होते. "स्टॉप! सिट डाऊन! गेट आऊट! व्हेरी सॉरी!"

मस्यूला इंग्रजी येत नव्हती.

मागून बाबा धावत होते, आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जी भाषा येते ती त्यांच्या तोंडून येत होती. "थांबा रे! थांबा ना बाप्पा! अरे उभे राहा लेकाहो!"

मस्यूला मराठीही येत नव्हती.

जोडी आमच्या गल्लीत शिरली. बाया ताटं टाकून आत पळाल्या. मीही पळाले असते. पण शिंगाला लटकलेला माणूस माझा सासरा होता, निदान व्हायचा होता. ताट हातात धरून मी गल्लीच्या मधोमध उभी राहिले आणि मोटेवर म्हणायची तशी, तेवढ्याच आवाजात म्हणाले, "दूसमाँ. दूसमाँ, मस्यू."

बैलांचा वेग उतरला. भरलेली मोट काठाला यावी तसे आले, उभे राहिले, आणि बाँजूरनं माझ्या ताटातली पुरणपोळी उचलली.

काका बैलाच्या मानेला टेकून धापा टाकत होते. फेटा नाल्याच्या बाजूला पडलेला. मी पट्टा शिंगातून सोडवला. ते माझ्याकडे बघत राहिले.

"आता काय म्हनली तू?"

"काही नाही जी. हळू म्हनलं."

"तसं नाही. थे जसं म्हनलं तसं म्हन."

"दूसमाँ," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. "आनखीन एकडाव."

"दूसमाँ."

"आता मले सांग," डोळे न उघडताच ते म्हणाले, "हे असं तुया बापानं काहून नाही सांगितलं? जन्मभर तो मायासंगं खेकसूनच राह्यला."

एवढ्यात गाव आलं. पुढे पाटील, लाल झालेले. मान त्यांच्या बैलांचा, तोरण तोडलं माळ्याच्या बैलांनी. बाबांची मेण लावलेली मिशी एका बाजूनं खाली आली होती. पाटील गरजले, "कोनाच्यानं झालं हे?"

बाबा खाली बघायला लागले. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि छातीवरचा पट्टा नीट करून पुढे झाले. "पाटील, चूक मायी हाय. मायी इंग्रजी लई जहाल पडली. बैल तिनं बिथरले. मीच 'गेट आऊट' म्हनलो ना, गेट आऊट म्हनजे निंगा. निंगाले."

मला वाटलं, सुटलो. काकांनी आपल्या इंग्रजीवर आळ घेऊन बाबांना वाचवलं होतं. आता बाबांनी फक्त गप्प राहायचं होतं. एवढंच. पण बाबांना काही ते जमलं नाही. त्यांनी मान वर केली.

"तुया इंग्रजीनं?" बाबा म्हणाले. "तुया इंग्रजीनं माये बैल हालतीन? माशी हालत नाही तुया इंग्रजीनं! तोरन माया फ्रेंचनं तुटलं!"

"अबे चूप बैस ना, तुले वाचवून राह्यलो!"

"वाचवू नोको! तोरन तोडलं तर फ्रेंचनं तोडलं, हे गावानं ध्यानात ठेवावं!"

"इंग्रजीनं!"

"फ्रेंचनं!"

पाटलांचा राग कुठल्या कुठे गेला. ते आमच्या ओट्यावर मटकन बसले आणि हसायला लागले, ते पाहून गाव हसायला लागलं. हसता हसता पाटलांनी माझ्याकडे बोट केलं. "हे दोघं म्हातारे जन्मात आयकायचे नाही. बैल ह्या पोरीनं थांबवले. निकालबी हीच देईन. सांग पोरी, कोनती गोड?"

बाबा माझ्याकडे बघत होते, आपली लेक काय बोलणार हे आधीच ठाऊक असल्यासारखे. काका बघत होते. त्यांच्या मागं त्यांचा मुलगा. 'फ्रेंच' म्हटलं तर नाल्यापलीकडचं दार बंद. 'इंग्रजी' म्हटलं तर बाबा खरंच गाव सोडतील, वांग्याचा वाफाही न पाहता. मी पदर डोक्यावर घेतला, कारण डोक्यावर पदर घेतला की माणसं बाईचं बोलणं जरा ऐकून घेतात.

"पाटीलबाबा," मी म्हटलं, "फ्रेंच मी लहानपनापासून आयकली. मोटेवर आयकली, ओट्यावर आयकली. पन इंग्रजी मले आजवर कोनी नीट आयकवलीच नाही. काकाजी जे बोलते थ्या साहेबाच्या शिव्या होत. एकाच बाजूचं आयकून निकाल कसा देऊ? सासरी जाते, वर्स-दोन वर्स नीट आयकते, मंग सांगते."

पहिले काका सरसावले.

"कायद्याचं बोलली!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "दोन्ही बाजू आयकल्याबिगर हुकूम नाही. कचेरीत असंच होते!" आणि बाबांकडे वळून म्हणाले, "काय बे फ्रेंच, हरकत हाय?"

बाबांना हरकत कशी असणार? हरकत घेतली तर फ्रेंच भ्याली असं झालं असतं. "आयकू दे," ते ऐटीत म्हणाले. "जितकी आयकन तितकी फ्रेंच गोड वाटन."

"हर बोला," मागून एक आवाज आला. तो कुणाचा होता ते मी इथं सांगत नाही, मूर्तिजापूरच्या बाजारात ज्यांनी पाहिलं त्यांना ठाऊक आहे. आणि त्या दिवशीचा सगळ्यात मोठा गजर ना फ्रेंच झडतीला झाला, ना इंग्रजी, तो माझ्या लग्नाला झाला.

लाल कापडावर पाटलांनी एकही अक्षर लावू दिलं नाही. माझ्या मांडवाच्या दारावर कापसाचे दोन बैल होते, एक पांढरा आणि एक बांडा.

सासरी माझी मजा झाली. खटला चालू होता ना. सासऱ्यांना इंग्रजी गोड करून ऐकवणं भाग होतं. साहेबाच्या शिव्या त्यांनी गुंडाळून ठेवल्या आणि आठवून आठवून चांगले शब्द काढले. सकाळी चहा नेला की मान किंचित लववून "गुड मॉर्निंग, माय डियर" म्हणायचे. भाकरी करपली तर "नेव्हर माइंड." साहेब मेमसाहेबाशी भांडण मिटल्यावर जे बोलायचा ते त्यांना आठवायला फार कष्ट पडले, पण आठवलं. वऱ्हाडात सुनेशी एवढं हळू बोलणारा सासरा दुसरा नव्हता. माझ्या नणंदा हेवा करायच्या, त्यांनाही कुठे इंग्रजी-फ्रेंचचा वाद सापडतो का ते बघायच्या. बाबांचंही तसंच. लेक भाषेला परकी होऊ नये म्हणून ते दर आठवड्याला नाला ओलांडून यायचे आणि अंगणात उभे राहून माझ्याशी फ्रेंच बोलायचे, न ओरडता. पहिल्यांदा ते हळू बोलले तेव्हा मला वाटलं, आजारी आहेत.

दोघं मग ओसरीवर बसायचे, चहा घ्यायचे, भांडायचे. उठायच्या आधी दोघंही स्वयंपाकघराच्या दाराशी यायचे.

"झालं का आयकून?" सासरे विचारायचे.

"कोनती मंग?" बाबा विचारायचे.

मी चुलीतलं लाकूड पुढे सारायची आणि म्हणायची, "अजून आयकून राह्यली जी. दिवाळीनंतर पाहू."